जीभ एकीकडे, अंग दुसरीकडे : 'लायर लायर'बद्दल

पीएच.डी. कशावर करतेस, असं कुणी विचारलं आणि मी 'विनोदी सिनेमातलं शरीर' असं उत्तर दिलं, की समोरचा एकतर हसतो किंवा "म्हणजे नेमकं काय?" असं विचारतो. हसणाऱ्यांचं ठीक आहे. आजची पोस्ट दुसऱ्या गटासाठी. माझ्या प्रबंधातला एक मुद्दा एकाच सिनेमाच्या मदतीने सांगते. सिनेमा आहे जिम कॅरीचा 'लायर लायर' (१९९७), दिग्दर्शक टॉम शॅडियाक. हिंदीत डेव्हिड धवनने गोविंदाला घेऊन २००१ मध्ये केलेला 'क्योंकि मैं झूठ नहीं बोलता' आठवतोय ना, त्याचं मूळ हेच.

गोष्ट दोन ओळींची. लॉस एंजेलिसमधला वकील फ्लेचर रीड हा पट्टीचा थापाड्या. घटस्फोट झालाय, मुलगा मॅक्स बायकोकडे. बाप वाढदिवसाला येतो म्हणून येत नाही, तेव्हा केक कापताना मॅक्स मनातल्या मनात मागणं मागतो, की फक्त एक दिवस बाबाला खोटं बोलता येऊ नये. ते मागणं खरं होतं, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी फ्लेचरची मोठी केस असते.

आता शरीराचं बघू. स्लॅपस्टिक हा शब्द आला इटलीतल्या जुन्या कॉमेडिया देल्लार्ते नाटकांतून. तिथे विदूषकाकडे दोन फळ्या जोडून केलेली काठी असायची, मारली की आवाज मोठा आणि मार छोटा. सिनेमात हा मारणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो. बस्टर कीटनच्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' (१९२८) मध्ये घराची अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो खिडकीच्या चौकटीतून सहीसलामत वाचतो. चॅप्लिनला 'मॉडर्न टाइम्स'मध्ये (१९३६) यंत्र गिळतं. आपल्या लक्ष्याला 'झपाटलेला'मध्ये (१९९३) तात्या विंचूचा बाहुला छळतो, त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचं असतं. म्हणजे वैरी समोर आहे, हात दोन हात करायला मोकळे आहेत.

'लायर लायर'मध्ये वैरी तोंडात बसलाय. माझ्या दृष्टीने ही या सिनेमाची खरी कल्पना आहे, शापबिप हा नुसता बहाणा. ते निळ्या पेनचं दृश्य आठवा. आपल्याला खोटं बोलता येतंय का हे तपासायला फ्लेचर ऑफिसात एक निळं पेन हातात घेतो आणि ते लाल आहे असं म्हणायचा प्रयत्न करतो. जमत नाही. मग लाल असं लिहायचा प्रयत्न करतो, तर हात ऐकत नाही. तो एका हाताने दुसरा हात दाबतो, टेबलावर लोळतो, आणि शेवटी सेक्रेटरी ग्रेटासमोर उभा राहतो तो सगळ्या तोंडावर 'निळा' लिहून घेऊन. एका माणसात दोन माणसं भांडतात, पण दोघांचे कपडे एकच. याआधी स्टीव्ह मार्टिनने 'ऑल ऑफ मी'मध्ये (१९८४) असंच अर्धं अंग दुसऱ्याच्या ताब्यात दिलं होतं, तोही त्यात वकीलच. पण तिथे आत शिरलेली एक वेगळी बाई होती. इथे आत कोणीच शिरलेलं नाही. आहे तो फ्लेचरच.

विनोदावर काम करणाऱ्या कोणालाही बर्गसन टाळता येत नाही. या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० मध्ये म्हटलं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. 'लायर लायर'ला हे सहज लावता येतं : जिभेचं यंत्र झालंय, खट्‌ खट्‌ खरं बाहेर पडतंय. पण मला वाटतं, गंमत जरा आधी सुरू होते. शाप लागायच्या आधीचा फ्लेचर बघा. ऑफिसात शिरतो, जो भेटेल त्याला स्तुतीची गोळी देतो, भिकाऱ्यापासून बॉसपर्यंत सगळ्यांना एकाच गिरणीतलं पीठ. यंत्र तेव्हाही चालूच होतं, फक्त खोट्याचं. शापाने त्याला माणूस बनवलेलं नाही, एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातलंय.

त्यामुळे 'खरं बोलावं' हा या सिनेमाचा बोध आहे असं कुणी म्हणालं की मी हटकून वाद घालते. खऱ्याने फ्लेचर दिवसभर काय करतो? लिफ्टमधल्या बाईच्या अंगाबद्दल ऐकवतो. मीटिंगमध्ये झाडून सगळ्यांचा पाणउतारा करतो आणि बॉस तो विनोद समजून खदाखदा हसतो. (ही जागा मला फार आवडते. विदूषकाचं खरं कुणी खरं मानतच नाही.) आणि कोर्टात? तिथे तर खरं बोलूनच तो केस जिंकतो. त्याची अशील सामंथा कोल लग्नाच्या वेळी अल्पवयीन होती, म्हणून लग्नाआधीचा करार रद्द, म्हणून निम्मी मालमत्ता तिची. एक अक्षर खोटं नाही. आणि लगेच ती जास्त पैसे मिळावेत म्हणून मुलांचा ताबाही मागते, रडणाऱ्या मुलांना बापाच्या मिठीतून ओढून नेते. हे बघून फ्लेचर स्वतःच्याच विजयावर हरकत घ्यायला उठतो आणि न्यायाधीशाचा अवमान करून कोठडीत जातो. शाप त्याला फक्त खोटं बोलू देत नाही, ओरडायला लावत नाही. सिनेमातलं पहिलं शहाणपणाचं काम तो स्वतःहून करतो, ते इथे.

मॅक्सशी त्याचं जे बोलणं होतं तेही याच वळणाचं. सगळीच मोठी माणसं खोटं बोलतात, आईसुद्धा, असं तो मुलाला पटवायला जातो. मुलगा म्हणतो, पण वाईट फक्त तुझ्यामुळेच वाटतं. तक्रार खोटेपणाची नाहीच, न येण्याची आहे.

मग बापलेकांमध्ये खरं काय आहे? तर पंजा. फ्लेचर हाताचा पंजा करतो, तो जणू आपल्या ताब्यात नाही असं दाखवत मॅक्सच्या अंगावर धावून जातो, मॅक्स किंचाळत पळतो. ताब्यात नसलेला हात! म्हणजे निळ्या पेनच्या दृश्यात जे संकट बनून येतं, ते घरात खेळ म्हणून आधीपासून होतं. याच नात्यात एक बारकी जागा आहे. असंच तोंड वेडंवाकडं करत राहिलं तर ते तसंच राहील का, असं मॅक्स विचारतो, आणि बाप सांगतो की नाही, उलट काही लोक त्यावर चांगलं पोट भरतात. १९९४ या एकाच वर्षात 'एस व्हेंचुरा', 'द मास्क' आणि 'डम्ब अँड डम्बर' देणारा नट हे म्हणतोय, त्यामुळे थिएटरमध्ये हशा येणारच. पण कथेतही तो बाप त्या क्षणी खोटं बोलत नाहीये. अंगाने तो मुलाशी कधीच खोटं वागलेला नाही, खोटा आहे तो शब्द, आणि वेळ.

शेवटाकडे विमानतळावर तो जिन्याच्या गाडीवर चढून विमान अडवतो, पडतो, पाय मोडून घेतो. स्ट्रेचरवरून मुलाला सांगतो की तुझ्यावर माझं प्रेम आहे. तोवर चोवीस तास उलटून गेलेले असतात! म्हणजे सिनेमातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शापाच्या हमीशिवाय येतं. हमी कशाची, तर मोडलेल्या पायांची. याच्या आधी कोर्टाच्या बाथरूममध्ये केस पुढे ढकलावी म्हणून त्याने स्वतःला भिंतींवर आपटून घेतलं होतं, आणि न्यायाधीशाने काम चालू ठेवता येईल का विचारल्यावर तोंडातून खरं उत्तर गेलं होतं : हो. तिथे मार खाल्लेलं अंग खोट्या कामाला जुंपलं होतं. इथे पहिल्यांदा अंग आणि शब्द एका बाजूला आहेत.

इथवर मी सिनेमाच्या बाजूने आहे. पुढे नाही. कारण या हिशेबात जेरी येतो. आईला, ऑड्रीला, लग्नाची मागणी घालून बोस्टनला नेऊ पाहणारा सरळ माणूस. दिलेल्या वेळेला येतो, दिलेला शब्द पाळतो. सिनेमाला त्याच्यात एकच खोट सापडते : तो पंजा करायला जातो आणि ते अगदी मिळमिळीत होतं. आपण हसतो आणि जेरी बाद. अंगात वीज खेळणाऱ्या माणसासमोर वेळ पाळणाऱ्या माणसाचं काही चालत नाही. कारण वेळ पाळण्याचं दृश्य होत नाही, उडी मारण्याचं होतं. हा दोष फक्त या सिनेमाचा नाही, नटाच्या ऊर्जेवर उभ्या असलेल्या बहुतेक कौटुंबिक विनोदी सिनेमांचा आहे. मुलाला रोज शाळेत सोडणारं, आजारपणात उठबस करणारं माणूस त्यांत चौकटीच्या कडेला उभं असतं, आणि हिशेब मात्र एका धावपळीच्या शेवटाने चुकता केला जातो. मॉरा टियर्नीने ऑड्री फार समजून केली आहे. फ्लेचरच्या विनोदावर हसू आवरताना तिचा चेहरा बघा, ती याला का सोडून गेली आणि का पूर्ण सोडू शकत नाही, दोन्ही कळतं. पण वर्षभर पुढच्या शेवटच्या प्रसंगात मॅक्सच्या पुढच्या वाढदिवसाला दिवे लागतात तेव्हा ही दोघं एकमेकांचं चुंबन घेत असतात, आणि मधल्या वर्षात फ्लेचर किती वेळा वेळेवर आला हे आपल्याला दिसलेलंच नसतं.

श्रेयनामावलीबरोबर चुकलेले शॉट दाखवलेत, ते सोडून उठू नका. त्यात विरोधी वकील झालेली स्वूझी कर्ट्झ भर कोर्टात कॅरीला 'ओव्हरॲक्टर' म्हणते, आणि तो, आपल्याला पकडलं म्हणून, हसून लोटपोट होतो.