निवेदकाची हकालपट्टी : ‘द एबीसी मर्डर्स’चे दूरचित्रवाणी-रूपांतर

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द एबीसी मर्डर्स’ (१९३६) या कादंबरीवर आधारित तीन भागांची मालिका बीबीसीने डिसेंबर २०१८मध्ये प्रसारित केली. संहिता सारा फेल्प्स यांची, दिग्दर्शन अ‍ॅलेक्स गाबासी यांचे. मूळ कलाकृतीशी इमान राखले नाही, हा अशा वेळी हमखास घेतला जाणारा आक्षेप माध्यमांतराच्या अभ्यासात फारसा उपयोगी पडत नाही. जे वगळले गेले ते मूळ रचनेत कोणते कार्य करीत होते, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

मालिकेने वगळला आहे तो कॅप्टन हेस्टिंग्ज. अँडोव्हर, बेक्सहिल, चर्स्टन अशा वर्णानुक्रमाने खून होत जातात, प्रत्येक खुनापूर्वी पॉयरोला पत्र येते आणि प्रेताजवळ एबीसी रेल्वे-मार्गदर्शिका सापडते. ही हकीकत हेस्टिंग्ज प्रथमपुरुषी निवेदनातून सांगतो; मात्र अलेक्झांडर बोनापार्ट कस्ट या फिरत्या मोजेविक्रेत्याविषयीची प्रकरणे तृतीयपुरुषी आहेत. ती आपल्या अनुभवाबाहेरची असल्याची कबुली हेस्टिंग्ज प्रारंभीच देतो आणि पॉयरोने ती तपासल्याची ग्वाहीही. वाचक फसतो तो या ग्वाहीमुळे. त्या प्रकरणांत असत्य काहीच नसते. कस्ट खुनी आहे हा निष्कर्ष वाचक स्वतःच काढतो. विशेष म्हणजे युद्धात डोक्याला इजा झालेला, मधूनमधून स्मृती हरपणारा कस्टही स्वतःविषयी तोच निष्कर्ष काढून बसलेला असतो.

कॅमेरा कस्टला पहिल्यापासून दाखवतो; पण ज्याच्या तुलनेत हे दर्शन संशयास्पद ठरावे तो विश्वासू निवेदकच येथे नाही. इमन फॅरन यांचा कस्ट मनात ठसतो, तरी तो पडद्यावरचा एक दुःखी माणूस एवढाच उरतो.

दुसरी हानी तर्काच्या पातळीवरची आहे. पत्रे स्कॉटलंड यार्डला न पाठवता पॉयरोला का पाठवली, हा कादंबरीतील कळीचा प्रश्न. खाजगी व्यक्तीच्या पत्त्यात चूक करून पत्र उशिरा पोहोचवता येते, पोलिसांच्या बाबतीत ते शक्य नसते, हे त्याचे उत्तर. आणि त्याची किल्ली हेस्टिंग्जच्या एका साध्याशा उद्‌गारात असते. मालिका तेच उत्तर पॉयरोच्या व्यक्तित्वात आणि ओसरलेल्या कीर्तीत शोधते. पत्राचे वाचन बाजूला पडून चरित्राचे उत्खनन सुरू होते.

मालिकेने काळ १९३५वरून १९३३वर नेला आणि ब्रिटिश फॅसिस्टांचा परकीयद्वेष ठळक केला. जॉन माल्कोविच यांचा थकलेला, अवमानित पॉयरो या चौकटीत शोभतो. ती भूमिका समर्थ आहे, याबद्दल दुमत नसावे. परंतु परकीयद्वेष ही काही मालिकेने घातलेली भर नव्हे. कादंबरीत तो पत्रांतल्या उपरोधात मुरलेला आहे, आणि मुखवटा गळताच खुन्याच्या तोंडून पॉयरोच्या परकेपणावरच शिवी बाहेर पडते. त्यावर पॉयरो इंग्रजांच्या खिलाडूवृत्तीच्या अभिमानालाच बोट लावतो. तेथे द्वेष हा पुराव्याचाच भाग आहे. मालिकेत तो भित्तिपत्रकांवर आणि कोटावरच्या बिल्ल्यांवर मिरवतो, उकलीला मात्र हातभार लावत नाही.

रूपांतराला स्वातंत्र्य घेऊनही रचना सांभाळता येते, याचे भारतीय उदाहरण ऋतुपर्ण घोष यांच्या ‘शुभ मुहूर्त’ (२००३) या बंगाली चित्रपटात मिळते. ख्रिस्ती यांच्याच ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ (१९६२) या कादंबरीतील मिस मार्पल तेथे कोलकात्याच्या घरातील रांगापिशी होते. देश, भाषा, नातेसंबंध सारेच बदलते; पण घरबसल्या ऐकीव गोष्टींतून माणसे वाचण्याची तिची रीत तीच राहते, आणि रहस्य त्या रीतीनेच उलगडते.

‘एबीसी’च्या मालिकेत मात्र अखेरचा भर पडतो तो पॉयरो १९१४च्या बेल्जियममध्ये धर्मगुरू होता या गौप्यस्फोटावर. खून कोणी केले, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.