बेमालूम जोड

कलेतलं तुम्हाला काय कळतं, असं वाचक विचारतील. आमच्या शाखेत ते आधीच विचारून झालं आहे. पण वीस वर्षं चेकवरच्या सह्या पडताळणाऱ्या माणसाला जोडकाम तरी ओळखता येतं. चार फोटो एकात मिसळून भलतंच जग उभं करणाऱ्या फोटोग्राफरांवर लिहायला एवढं भांडवल पुरे.

हा उद्योग जुना आहे. १८५७ साली इंग्लंडात रेजलँडर नावाच्या गृहस्थाने तीसेक निगेटिव्ह जोडून एकच भलंमोठं चित्र केलं. एका बाजूला सदाचार, दुसऱ्या बाजूला चैन. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. मला मात्र ते एकत्रित ताळेबंदासारखं वाटतं. सगळं जागच्या जागी, आणि वाचवत नाही.

अमेरिकेतला जेरी युल्समन (१९३४–२०२२) वेगळा. डार्करूममध्ये ओळीने एन्लार्जर मांडायचा आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली न्यायचा. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो तसा. फक्त त्याच्या कागदावर शेवटी काहीतरी उमटायचं! त्याच्या एका चित्रात घराला झाडाची मुळं आहेत, एकात खोलीला छताऐवजी ढग. फोटोशॉप आलं १९९० साली, म्हणजे त्याच्या कितीतरी नंतर. आता जोड लपवणं पोरखेळ झालाय, पण चित्र पटायला पाहिजे ना? मुळांचं ते घर मला पटतं.

आमच्या आईला तर ते समजावूनही सांगावं लागणार नाही. ती इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवची. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं. एरवी पाण्यातून नुसतं शिखर डोकावत असलं की परका माणूस म्हणेल, कुणीतरी दोन फोटो जोडलेत.

अण्णा गेल्यावर आई म्हणाली, "ह्यांचा देवळाच्या दारातला एक फोटो पाहिजे." असा फोटो कधी काढलाच नव्हता. मी बारामतीत एका स्टुडिओत गेलो. देवळाचा फोटो मी उन्हाळ्यात काढलेला, अण्णा चुलतभावाच्या लग्नातले. पोराने कॉम्प्युटरवर तासाभरात दोन्ही एक केले. ऊन एकाच बाजूचं, सावलीसुद्धा बरोबर पडलेली. युल्समनने मान डोलावली असती.

आईने चष्मा लावला. "हे देवळात बूट घालून कधी गेले होते?"

एवढं नेमकं परीक्षण मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. फोटो घेऊन परत स्टुडिओत. पोरगा म्हणाला, "काका, बूट काढीन हो, पण आत पाय कुठायत?" खरंच होतं. मग त्याने माझ्याकडे खालपर्यंत पाहिलं. "तुमचेच घेऊ. काढा बूट."

भर दुपारी, दुकानात बारशाचे फोटो न्यायला आलेल्या मंडळींसमोर, मी अनवाणी उभा राहिलो. मोज्याला भोक होतं, तेही जगजाहीर झालं.

नवा फोटो आईने बराच वेळ न्याहाळला. "चेहरा जरा उजळ केलाय मेल्याने," ती म्हणाली. "पण पाय मात्र अगदी ह्यांचेच."

तिने त्या पायांना हात लावून नमस्कार केला. मी माझे खुर्चीखाली ओढून घेतले.