ऐकणारा निघून गेल्यावर

पीएचपीला नावं ठेवणं सोपं आहे. रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये जगापुढे ठेवलेल्या काही छोट्या साधनांतून ही भाषा वाढली. ती आधी आखून मग बांधलेली नाही, हे तिच्यात जागोजागी दिसतं. तरीही तिच्यातल्या एका कोपऱ्यावर माझा फार जीव आहे. पान तयार होत असताना वाचणाऱ्याने मध्येच ब्राउझर बंद केला, तर चालू स्क्रिप्टचं काय करायचं, हे तिथे ठरतं.

पीएचपीच्या मूळ सी कोडमध्ये यासाठी एक इवलंसं फंक्शन आहे. त्यात जेमतेम तीन गोष्टी घडतात. जोडणी तुटली अशी नोंद होते. पुढचं आउटपुट बंद केलं जातं. आणि मग एकच प्रश्न उरतो: माणूस गेला तरी काम चालू ठेवायला सांगितलंय का? सांगितलं नसेल तर स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते. मला या क्रमाचं कौतुक वाटतं. काय करायचं ते नंतर ठरतं, पण काय घडलं याची नोंद आधी झालेली असते. काम पुढे चालू राहिलं तरी ती नोंद पुसली जात नाही.

नोंदीची भाषाही तितकीच नेमकी आहे. सगळं सुरळीत असेल तर ०, जोडणी तुटली तर १, वेळ संपली तर २. मग ३ कुठून येतो? माणूस निघून गेला, स्क्रिप्ट हट्टाने चालत राहिली आणि शेवटी तिलाही वेळेने गाठलं, की दोन्ही खुणा एकदम उभ्या राहतात. १ आणि २ हे वेगवेगळे बिट असल्यामुळे एक खूण दुसरीला झाकत नाही. म्हणूनच स्थिती १ च्या बरोबर आहे का, असं विचारणारा कोड इथे फसतो. १ चा बिट लागलाय का, असं विचारायला हवं.

खरी बहार मात्र माणूस गेल्याचं कळतं कसं यात आहे. टॅब बंद केला की पीएचपीला आपोआप काही समजत नाही. ती काही पाठवायला जाते तेव्हाच तिला पत्ता लागतो, आणि तेही लगेच नाही. ‘एको’ केलेला मजकूर आधी बफरमध्ये थांबतो. तो फ्लश केला तरी पलीकडची बाजू बंद झाल्यानंतरचा पहिला तुकडा ऑपरेटिंग सिस्टिम बऱ्याचदा बिनतक्रार घेते आणि अपयश पुढच्या तुकड्याला येतं. फोन कटल्यावरही आपण वाक्यभर बोलत राहतो, तसंच हे. दहा मिनिटं गप्प राहून हिशेब करणाऱ्या स्क्रिप्टला तो हिशेब कोणासाठी चाललाय याची खबरही नसते.

यातून एक विलक्षण पेच तयार होतो. समजा, लाखभर ओळींची सीएसव्ही फाइल लूपमधून पाठवायची आहे आणि दर पाचशे ओळींनंतर ‘कनेक्शन_अबॉर्टेड’ला विचारायचं आहे. एरवी या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर लूपमध्ये कधी मिळतच नाही, कारण तुटल्याचं कळतं त्याच ‘एको’वर स्क्रिप्ट संपते. हे उत्तर ऐकायला जिवंत राहायचं तर आधी ‘इग्नोर_यूजर_अबॉर्ट’ चालू करावं लागतं. माणूस गेल्याची दखल घ्यायची असेल तर आधी, तो गेला तरी मी थांबणार नाही, असं सांगून ठेवावं लागतं! पहिल्यांदा वाचताना हे उफराटं वाटतं, पण वरचा तीन टप्प्यांचा क्रम आठवला की ते अटळ वाटू लागतं.

आणि स्क्रिप्ट संपते तेव्हा? असं मध्येच तुटताना ‘फायनली’ची ओळसुद्धा चालत नाही. तिथे ‘रजिस्टर_शटडाउन_फंक्शन’ कामी येतं. काम नीट संपलेलं असो, माणूस गेलेला असो किंवा वेळ भरलेली असो, नोंदवलेली फंक्शन्स नोंदवल्याच्या क्रमाने बोलावली जातात. त्यांतल्या एकाने ‘एक्झिट’ म्हटलं तर मात्र मागची राहून जातात. वेब सर्व्हरवर एरवी ३० सेकंदांची असलेली मर्यादा या फंक्शन्सना मध्येच तोडत नाही. त्यांच्यानंतर, वेळ भरल्यामुळे स्क्रिप्ट तुटलेली नसेल तर, ऑब्जेक्ट्सचे डिस्ट्रक्टर चालतात आणि त्याहीनंतर आउटपुटचे बफर रिकामे होतात. त्यामुळे वाचणारा अजून समोर असेल, तर शटडाउन फंक्शनने लिहिलेली ओळसुद्धा त्याच्या पानावर पोचते. निघतानाही बोलू देणारी ही रचना मला फार सुंदर वाटते. स्थिती विचारायची खरी जागाही हीच. १ चा बिट दिसला तर अर्धवट फाइल पुसायची, २ चा दिसला तर काम कुठवर आलं ते लिहून ठेवायचं.

या सौजन्यालाही मर्यादा आहे. बाहेरून सिगकिल हा सिग्नल आला तर एकही शटडाउन फंक्शन चालत नाही. सिगटर्मचंही तेच होतं, पण कमांड लाइनवर ‘पीसीएनटीएल_सिग्नल’ने तो पकडून ‘एक्झिट’कडे वळवता येतो. सिगकिल पकडायची सोय कुठेच नाही. म्हणून पैशांचं काम असेल तर ‘सुरू झालं’ ही खूण डेटाबेसमध्ये पहिल्या ओळीलाच लिहावी. ‘झालं’ची खूण नसलेली नोंद दिसली, की पुढच्या फेरीत ते काम उचलता येतं.