मूळ गाव, हल्ली वस्ती

त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. तेवढ्यावर ते लांबट बांधणीची एक वही काढतात, पानं उलटतात, आणि पणजोबांनी दिलेला मजकूर समोर येतो. या वह्यांना नामावळी म्हणतात. बखरीचं, पोवाड्याचं, जात्यावरच्या ओवीचं रसग्रहण मराठीत पुष्कळ झालं. नामावळीकडे मात्र आपण वंशावळीचा पुरावा म्हणूनच पाहिलं. माझ्या मते ती मराठी गद्याची एक अस्सल जात आहे आणि वाङ्मय म्हणून वाचावी अशी आहे.

नोंदीचा घाट बहुधा ठरलेला. लिहून देणाऱ्याचं नाव, बापाचं, आजाचं, पणजाचं. मग भाऊ, चुलते, मुलगे. आई, आजी. कूळ किंवा गोत्र, तिथी, शक, सही. जुन्या नोंदी मोडीत. विशेषण एकही नाही. कोण कर्तबगार निघाला, कोणी जमीन घालवली, कोण रागावून घर सोडून गेला, यातलं काही लिहिलेलं नसतं. पण दोन पिढ्यांच्या नोंदी एकाखाली एक वाचाव्यात. वरच्या नोंदीत पाच भाऊ असतात, खालच्या नोंदीत दोघांच्याच मुलांची नावं येतात. उरलेल्या तिघांचं काय झालं हे वही सांगत नाही. न सांगताच ती वाचणाऱ्याला थांबवते, आणि हा संयम भल्याभल्या कथालेखकांना साधत नाही.

नोंदीतली सगळ्यात श्रीमंत जागा म्हणजे मूळ गाव आणि हल्ली वस्ती ही जोडी. घराण्याचं सारं स्थलांतर या दोन नावांच्या मधल्या स्वल्पविरामात असतं. त्यातला ‘हल्ली’ तर विलक्षण आहे. पाच पिढ्या त्याच मातीत राबल्या, तरी वस्ती हल्लीचीच. परतायची वाट त्या शब्दाने उघडी ठेवलेली असते.

हा स्वल्पविराम उलगडायचा तर वऱ्हाडातल्या जळगाव जामोदसारखा मुलूख डोळ्यांसमोर आणावा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधे पयनघाटाची काळी कसदार जमीन. डोंगर ओलांडला की बऱ्हाणपूर, म्हणजे मोगलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं. ‘आइन-ए-अकबरी’त जळगाव हा नरनाळा सरकारातला परगणा आहे. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचीही वसुली सुरू झाली. ही दुअंमली रयतेच्या पाठीवर दुहेरी ओझं होती. 29 नोव्हेंबर 1803 रोजी पूर्वेला अडगावची लढाई झाली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव चढला, त्याच दशकात रेल्वे आली, आणि काळ्या जमिनीच्या ओढीने माणसं इकडे येऊ लागली. 1899-1900 चा छप्पन्या दुष्काळ पुन्हा घरं हलवून गेला. 1905 मध्ये जळगाव तालुकाच अकोल्यातून बुलढाण्यात गेला. माणूस जागेवर राहिला आणि जिल्हा बदलला.

खानदेशातल्या जळगावाहून वेगळं ओळखू यावं म्हणून या गावानेही शेजारच्या जामोदचं नाव आपल्यापुढे आडनावासारखं लावून घेतलं आहे.

आडनाव हे नामावळीचं सर्वांत आखूड रूप. त्यात हल्ली वस्ती गळून जाते आणि मूळ गाव तेवढं उरतं. नांदुऱ्यात राहणाऱ्याला नांदुरकर कोण म्हणेल? तिथे सगळेच नांदुऱ्याचे. ते नाव माणसाला दुसऱ्या गावाने दिलं. ज्या दिवशी नवे शेजारी त्याला त्या नावाने हाक मारू लागले, त्या दिवशी त्याचं जुनं गाव मागे पडलं. मलकापुरे, बाळापुरे, अकोटकर, बऱ्हाणपुरे ही सगळी सोडून आलेल्या गावांची नावं आहेत. पश्चिम महाराष्ट्रात ‘कर’ हा प्रत्यय जे काम करतो, ते वऱ्हाडात बऱ्याचदा एका एकाराने भागतं. गाव सोडल्याची खूण इतकी हलकी करून ठेवणारी बोली मला फार देखणी वाटते.

अशा आडनावांतलं वानखडे मी पुन्हा पुन्हा वाचतो. जळगाव जामोदला लागून संग्रामपूर तालुका, आणि त्यात वानखेड हे गाव. नाव आणि आडनाव यांचं नातं कानालाच कळतं. आज वानखडे आणि वानखेडे वऱ्हाडभर आहेत, नागपुरात आहेत, मुंबईत आहेत. बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या नावाने मुंबईत क्रिकेटचं मैदान उभं राहिलं आणि 1975 मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला. मला याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. हे आडनाव एका जातीचं नाही. कुणब्यांत वानखडे आहेत, बौद्धांत आहेत. आडनावावरून जात हुडकणाऱ्याला वऱ्हाड असं फसवतं, आणि फसवतं ते बरंच करतं. गाव सोडताना माणसं वेगवेगळ्या गल्ल्यांतून निघाली असतील, पण पुढच्या मुक्कामी त्यांनी सांगितलेलं नाव एकच होतं.

नामावळीला हे औदार्य साधलेलं नाही, आणि रसग्रहण करताना ते लपवू नये. ज्यांना तीर्थाची पायरी चढू दिली नाही, त्यांची नोंद त्या वह्यांत कुठून येणार? अशा घरांकडे स्थलांतराचा लेखी पुरावा म्हणून उरलं ते एवढं आडनावच. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी ते जसं ऐकलं तसं उतरवलं. एकाच घरातले दोन भाऊ वानखडे आणि वानखेडे होतात ते अशाने. बायकांचं आणखी वाईट. आई, आजी नोंदीत येतात त्या बहुधा नुसत्या नावाने. त्यांचं माहेर, त्यांची वाट, त्यांनी ओलांडलेली नदी यांना तिथे ओळ नाही. खरं तर बहुतेक घरांत दर पिढीला गाव सोडून येते ती सून. वहीचा हा दोष मोठा आहे, आणि तो आपल्याला दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर या दिवाळीला त्यांच्याजवळ बसा. मूळ गाव विचारा, ते का सोडलं ते विचारा, मधे कुठे कुठे मुक्काम पडला तेही विचारा. साध्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आईचं, आजीचं, पणजीचं माहेर गावासकट लिहा, आणि लेकींची नावं लेकांच्या ओळीतच लिहा.