पाण्याखालचे देखावे आणि पाण्याखालची गोष्ट



गेल्या पेसाहच्या सुटीत माझा पंधरा वर्षांचा नातू चार दिवस आमच्याकडे अश्दोदला राहायला आला होता. त्याला जपानी ॲनिमेचे भारी वेड आहे. ॲनिमे म्हणजे जपानात तयार होणारे, रेखाटलेल्या चित्रांचे चित्रपट आणि मालिका. आपल्यातील पुष्कळ वडीलधारी माणसे त्यांना ‘कार्टून’ म्हणून बाजूला सारतात. मीही तेच करीत आले होते. पण नातवाला मराठी येत नाही आणि माझे हिब्रू इस्पितळात घडलेले. औषधपाण्याचे बोलणे फाडफाड होते, मनातले बोलायला मात्र मराठीच लागते. तेव्हा म्हटले, बोलणे जमत नसेल तर निदान दोघांनी मिळून काही पाहू या.

त्याने माझ्यासाठी तीन ॲनिमे निवडले. तिन्हींची कल्पना एकच. जगावर मोठे संकट येऊन गेले आहे, समुद्राने शहरे गिळली आहेत, आणि उरलेली माणसे पाण्याच्या काठाने किंवा पाण्याच्या पोटात दिवस काढीत आहेत. मी पहिल्याच दिवशी “हा कोण? तिचे आईबाप कुठे?” असे विचारू लागले, तेव्हा तो म्हणाला, “सावता, गोष्ट सोड, चित्र बघ!” त्याच्या या एका वाक्याने मला विचारात पाडले, आणि त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

पहिला चित्रपट ‘बबल’. तो २०२२ साली आला. दिग्दर्शक तेत्सुरो अराकी. टोकियो शहरावर आकाशातून बुडबुडे पडतात, गुरुत्वाकर्षण बिघडते आणि शहर पाण्याने वेढून जगापासून तुटते. तिथे चोरून राहणारी निराधार मुले पडक्या इमारतींवरून उड्या मारण्याच्या शर्यती खेळतात आणि त्या जिंकून खाण्यापिण्याचे सामान मिळवतात. हिबिकी नावाचा अबोल मुलगा पाण्यात बुडू लागतो. त्याला एक बुडबुडा वाचवतो, आणि त्या बुडबुड्याचीच पुढे उता नावाची मुलगी होते. हिबिकीचा स्पर्श झाला की तिचे अंग पुन्हा फेसासारखे विरू लागते. कथेचा आधार अँडरसनची १८३७ सालची जलपरीची कहाणी आहे, आणि चित्रपट ते लपवीत नाही.

देखावा म्हणाल तर दृष्ट लागावी असा! तिरकी झालेली घरे, अधांतरी तरंगणारे रेल्वेचे डबे, बुडबुड्यांवरून उसळत जाणारी मुले. माझ्यासारखीचाही श्वास अडकला. पण चित्रपट संपला आणि मी नातवाला विचारले, “या मुलांचे घरचे लोक गेले, त्यांतल्या एकाचे तरी नाव तुला आठवते का?” तो गप्प राहिला. दोष त्याचा नव्हता. मुले पोरकी झाली हे आपल्याला सांगितले जाते, पण त्यांचे पोरकेपण आपल्याला भेटत नाही. ज्या देशाने ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीत मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांवर माणसे गमावली, त्या देशातल्या चित्रपटात बुडालेले शहर केवळ खेळाचे मैदान व्हावे, हे मला खटकले.

दुसरी कृती ‘ब्लू सबमरीन नंबर सिक्स’. सातोरू ओझावा यांच्या १९६७ सालच्या चित्रकथेवरून माहिरो माएदा यांनी ती चार भागांत केली. पहिला भाग १९९८ मध्ये आणि शेवटचा २००० मध्ये आला. झॉर्नडाइक नावाचा शास्त्रज्ञ समुद्राची पातळी वाढवून किनाऱ्यावरची शहरे बुडवतो, आणि मनुष्य व जलचर यांच्या मिश्रणातून नवे जीव घडवून त्यांना माणसांवर सोडतो. माणसे पाणबुड्यांतून लढतात. हायामी हा एके काळचा पाणबुडी चालक सगळे सोडून बुडालेल्या शहरात राहतो आहे. त्याला परत बोलवायला किनो ही तरुण मुलगी येते.

पाणबुड्या, स्फोट आणि समुद्र संगणकावर केलेले आणि माणसे हाताने काढलेली, असा मेळ त्या काळी नवा होता. आज पाहताना माणसे काचेच्या हौदासमोर धरलेल्या कागदी बाहुल्यांसारखी दिसतात, हे कबूल केले पाहिजे. तरी पाण्यातला काळोख आणि पाणबुडीच्या पोटातली घुसमट ही दोन्ही खरी वाटतात. नातू म्हणाला की हेच तर पाहण्यासारखे आहे, आणि तेवढ्यापुरते त्याचे खरे होते.

पण चार छोट्या भागांत लढाया एवढी जागा खातात की हायामी नौदल सोडून का गेला, हे तुकड्यातुकड्यांनीच कळते. शेवटी तो झॉर्नडाइकसमोर उभा राहतो, तेव्हा त्या म्हाताऱ्याला आपले सारे मन थोड्या वाक्यांत उरकावे लागते. ज्याच्यामुळे एवढी माणसे मेली, त्याचा जबाब इतक्या घाईने घेतलेला पाहून वाटले की कथाकाराला स्फोटांसाठी वेळ होता, उत्तरासाठी नव्हता.

त्यातही एक प्रसंग मात्र मनात घर करून राहिला. शत्रूकडची एक जलचर मुलगी, म्युतिओ, जखमी होऊन अडकून पडते. हायामी तिला उचलतो आणि पाण्यात सोडतो. किनोला ते मुळीच आवडत नाही. त्या प्रसंगात ना मोठा स्फोट, ना संगणकाची करामत. एक माणूस, एक घायाळ जीव आणि मध्ये पाणी. मी आयुष्यभर रुग्णसेवा केली आहे. खाटेवर आलेला माणूस कोणाच्या बाजूचा, हे आम्हाला विचारायचे नसे. नाडी आधी पाहायची. म्हणून हायामीचे ते वागणे मी चटकन ओळखले. पुढे म्युतिओ त्याचे उपकार फेडते आणि स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेते. या मालिकेत गोष्टीचा जो धागा खऱ्या अर्थाने पुढे सरकतो, तो हा.

तिसरी मालिका सगळ्यांत जुनी, ‘फ्यूचर बॉय कॉनन’. हायाओ मियाझाकी यांनी १९७८ साली जपानच्या एनएचके दूरदर्शनसाठी केलेली ही २६ भागांची मालिका अलेक्झांडर की यांच्या १९७० सालच्या कादंबरीवर आधारलेली आहे. भयंकर शस्त्रांच्या युद्धाने खंड समुद्रात बुडाले आहेत. कॉनन एका लहानशा बेटावर आजोबांबरोबर राहतो. एके दिवशी लाना ही मुलगी तिथे वाहून येते, तिच्या मागोमाग इंडस्ट्रिया नगरीचे लोक येतात, तिला पळवून नेतात, आणि आजोबांचा त्यात अंत होतो. कॉनन त्यांना मूठमाती देतो, तराफा बांधतो आणि लानाला शोधायला निघतो.

चित्रे साधी. रंग सपाट, पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा तीच. नातवाने पहिल्या दहा मिनिटांत जांभई दिली. पण आठव्या भागाला तो उठून बसला. कॉनन बेड्यांमुळे समुद्राच्या तळाशी अडकला आहे. त्याचा श्वास संपत आला आहे. लाना वर जाते, तोंडात हवा भरून खाली येते आणि आपल्या तोंडाने त्याला ती देते. पुन्हा वर, पुन्हा खाली, तिची स्वतःची शुद्ध जाण्याची वेळ येईपर्यंत.

या ठिकाणी परिचारिका म्हणून दोन शब्द लिहिते. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, आणि बाहेर सोडतो त्या श्वासातही सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. म्हणूनच बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. समुद्राच्या तळाशी लानाला ते खरोखर जमेल का, याविषयी मला शंका आहे. पण पाहताना ती शंका मनात आलीच नाही, कारण तिथवर कथाकाराने प्रत्येक गोष्टीची तयारी केलेली होती. कॉनन पाण्यात किती वेळ राहू शकतो हे पहिल्याच भागात, तो शार्क माशाशी झुंजतो तेव्हा, आपण पाहिलेले असते. लाना अशक्त आहे हेही ठाऊक असते. त्यामुळे प्रत्येक श्वासाची किंमत आपल्याला कळते.

याच मालिकेत मॉन्सली नावाची कठोर बाई आहे. पुढे कळते की प्रलयाच्या दिवशी ती लहान मुलगी होती, तिच्याजवळ तिचा कुत्रा होता, आणि त्या दिवसाने तिचे घरदार नेले. ती आठवण पडद्यावर थोडाच वेळ राहते. ‘बबल’मधल्या सगळ्या शहराने जे केले नाही, ते त्या थोड्या चित्रांनी केले; कारण तिथे पाणी कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तसेच ही माणसे काय खातात, मासे कसे धरतात, इंडस्ट्रियात जुने प्लास्टिक गोळा करून त्याचे काय करतात, हे सगळे दाखवले आहे. प्रलयानंतरच्या गोष्टीत मला तरी हेच हवे असते. जग बुडाले हे एका चित्रात दाखवता येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कशी पेटली हे सांगायला गोष्टच लागते.

याचा अर्थ देखावा वाईट, असे मी म्हणत नाही. कॉननची चित्रे साधी असली तरी तो धावतो, पोहतो, लोंबकळतो ते पाहताना अंगावर काटा येतो, आणि तोही देखावाच आहे. प्रश्न एवढाच की देखावा कोणासाठी राबतो. एखाद्या माणसाचे भय किंवा आशा दाखवण्यासाठी राबला तर तो टिकतो. नुसता स्वतःला मिरवू लागला, तर दिवे लागल्यावर विसरला जातो.

आपण बेने इस्राएल लोकांना हे वेगळे सांगायला नको. आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली. त्या वादळाचे चित्र कोणी काढून ठेवलेले नाही. लाटा किती उंच होत्या हे कोणाला ठाऊक नाही. सात आणि सात एवढे आकडे आणि किनाऱ्यावरची ती दफनाची जागा, इतक्या सामग्रीवर ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घाण्यापाशी सांगितली गेली आणि इथवर येऊन पोहोचली.

कॉननचा आठवा भाग संपल्यावर मी नातवाला ती गोष्ट माझ्या मोडक्या हिब्रूत सांगितली. त्याने लाटांविषयी काहीच विचारले नाही. त्याने विचारले, “सावता, ते चौदाजण पहिल्या रात्री काय जेवले?” मला उत्तर देता आले नाही. पण “गोष्ट सोड” म्हणणारा मुलगा असे विचारतो, याचा मला फार आनंद झाला.

आपल्या नातवंडांबरोबर अशी चित्रे एकदा तरी बसून पाहा, अशी वाचकांना विनंती. मध्येच त्यांना विचारा, “हा कोण? याचे कोण गेले?” आणि त्यांनी काय उत्तर दिले ते या अंकाकडे अवश्य कळवा.