‘हॅश केले आहे’ एवढे सांगून भागत नाही

एखाद्या संकेतस्थळावरून ग्राहकांची माहिती चोरीला गेली की बहुधा एक ठरावीक खुलासा येतो : ‘काळजी नसावी, परवलीचे शब्द हॅश केलेले आहेत.’ मे २०१७ मध्ये ‘झोमॅटो’ या कंपनीच्या सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी चोरीला गेल्या. तेव्हाही कंपनीने आरंभी हाच दिलासा दिला : हॅशवरून मूळ शब्द परत मिळत नाही. पुढे तिनेच दुरुस्ती केली की, सुमारे ६६ लाख ग्राहकांचे हॅश त्यात होते आणि त्यांमागचे शब्द तत्त्वतः हुडकून काढता येतील. म्हणजे पहिले विधान खोटे नव्हते, अपुरे होते. ते अपुरे का, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे.

हॅश म्हणजे दिलेल्या मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची संख्या. मजकूर तोच, तर संख्या तीच. मजकुरात एक काना बदलला, तरी संख्या पार बदलते. संगणक परवलीचा शब्द साठवत नाही, त्याची हॅश साठवतो, आणि आपण शब्द टंकला की पुन्हा हॅश काढून ताडून पाहतो. हे समजावताना नाशिकच्या शिक्षकाला सहज दाखला सुचेल : द्राक्षांचा रस निघतो, रसापासून घड बांधता येत नाही. दाखला ठीक आहे, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. चोराला घड बांधायचाच नसतो. तो बाजारातला एकेक घड उचलून रस काढतो आणि चोरलेल्या रसाशी ताडून पाहतो. जुळला की काम झाले. तेव्हा खरा प्रश्न क्रिया उलटता येते का, हा नाही. ती किती वेगाने करता येते, हा आहे.

ही गोष्ट नवी नाही. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली परवलीच्या शब्दांच्या सुरक्षेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार लहान तरी होते किंवा शब्दकोशात व नावांच्या याद्यांत सापडणारे तरी होते. त्यांनी दोन उपाय सुचवले. पहिला, हॅशची क्रिया मुद्दाम संथ करणे. दुसरा, प्रत्येक शब्दात हॅश करण्यापूर्वी एक यादृच्छिक संख्या मिसळणे. हिला ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ म्हणतात.

मिठाचे काम नाशिकरोडला १९२८ पासून छापल्या जाणाऱ्या नोटांवरून समजेल. एका मूल्याच्या नोटांवरचे चित्र सारखे, पण क्रमांक प्रत्येकीचा निराळा; आणि तो गुप्तही नसतो. त्याचप्रमाणे दोघांनी एकच परवलीचा शब्द ठेवला, तरी मिठामुळे हॅश भिन्न येतात. आधीच तयार केलेला तक्ता सर्वांवर चालवण्याची चोराची सोय संपते आणि प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे कष्ट पडतात. मात्र एका ग्राहकाच्या मागे लागलेल्या चोराला मीठ अडवत नाही. तिथे संथपणाच उपयोगी पडतो.

थोडा हिशेब करू. इंग्रजीच्या लहान लिपीतील आठ अक्षरांचे शब्द २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. ‘एमडी५’सारखी वेगवान हॅश आजच्या चित्रप्रक्रिया-पत्त्यावर सेकंदाला १,००० कोटी वेळा सहज काढता येते. सगळे शब्द तपासायला २१ सेकंद पुरतात! हाच वेग सेकंदाला १,००० वर आणला, तर सुमारे साडेसहा वर्षे लागतील. १९९९ साली मांडलेली ‘बीक्रिप्ट’ ही पद्धत नेमके हेच करते; तिच्यातला एक आकडा एकाने वाढवला की कष्ट दुप्पट होतात. ग्राहकाला प्रवेश करताना हा विलंब जाणवतही नाही. झोमॅटोच्या चोरीतील हॅशमध्ये मीठ होते, पण क्रिया एमडी५ होती, अशी नोंद आहे.

‘आम्ही तयार सुरक्षा-चौकट वापरतो,’ हे उत्तरही तपासून घ्यावे. ‘जँगो’ या लोकप्रिय चौकटीने मार्च २०१२ मध्ये ‘एसएचए-१’ ही वेगवान हॅश मागे टाकून संथ पद्धत रूढ केली. तरीही २०२० साली ‘बिगबास्केट’च्या २ कोटींहून अधिक ग्राहकांच्या नोंदी बाहेर पडल्या, तेव्हा त्यांत जँगोच्या जुन्या धर्तीचे एसएचए-१ हॅश आढळले. चौकट अद्ययावत केली, तरी साठवलेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. ग्राहक पुन्हा प्रवेश करतो तेव्हाच मूळ शब्द हाती येतो आणि नवी हॅश काढता येते. जो येतच नाही, त्याची जुनीच राहते. यावर उपाय आहे : जुन्या हॅशचीच संथ पद्धतीने पुन्हा हॅश काढून ठेवणे. तो चौकटीच्या माहितीपुस्तिकेतही दिलेला आहे. पण तो कोणीतरी अमलात आणावा लागतो.

आपल्या दृष्टीने आणखी एक उणीव महत्त्वाची आहे. या चौकटी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडल्या. बीक्रिप्ट मजकुराचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना, मात्रा व हलन्तासह, संगणकात तीन बाइट घेते. ‘गोदेच्या काठावर सकाळी गर्दी असते’ हे परवलीचे वाक्य घ्या. ७२ बाइट ‘गर्द’पाशी संपतात. ज्या प्रणालीत जादा मजकूर मुकाट्याने कापला जातो, तिथे ‘असते’ऐवजी ‘नसते’ लिहिले तरी दार उघडेल! शिवाय ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळी. घरच्या कळफलकावर चाललेला शब्द शाळेत चालणार नाही. तेव्हा हॅश काढण्यापूर्वी मजकूर एकरूप करणे हे चौकट जोडणाऱ्याचे काम आहे. मराठी संकेतस्थळ म्हणजे नुसती मराठी बटणे नव्हेत.

आणि हॅश कितीही उत्तम असली, तरी एक दार उघडेच राहते. झोमॅटोने पुढे सांगितले की, चोरीची सुरुवात तिच्या एका आज्ञावलीकाराच्या शब्दापासून झाली. तो २०१५ साली भलत्याच एका संकेतस्थळावरून फुटला होता, आणि त्या स्थळाने शब्द उघडेच साठवले होते. तोच शब्द दुसरीकडेही वापरात होता. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत लाखोंनी मोजली.

आज शाळेची हजेरी, निकाल, शुल्क, शिष्यवृत्तीचे अर्ज सारे संगणकावर आले आहे. मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक त्यात असतात. तेव्हा अशी प्रणाली घेताना मुख्याध्यापकांनी विक्रेत्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत : हॅशची पद्धत कोणती? प्रत्येक शब्दाला वेगळे मीठ आहे काय? जुन्या नोंदींचे काय केले? आणि एक चाचणी कोणालाही करता येईल. ‘शब्द विसरलो’ असे कळवून पाहावे. प्रणालीने आपला जुनाच शब्द परत पाठवला, तर तिथे हॅश मुळी केलेलीच नाही, असे खुशाल समजावे. कारण रसातून घड कोणालाच परत देता येत नाही.