टोपीची कड

लास व्हेगासला जाऊन आलेला मनुष्य हटकून ‘स्ट्रिप’वरच्या महालांचे वर्णन करतो. मी मात्र रमलो जुन्या पेठेत, फ्रीमाँट स्ट्रीटवर. 1905 साली रेल्वेने जमिनीचा लिलाव केला आणि हे गाव वसले. त्याचाच हा मूळ रस्ता. पुढे गिऱ्हाईक स्ट्रिपकडे वळले, पेठ ओसरली. तेव्हा 1995 साली रस्त्यावर नव्वद फूट उंचीचे कमानदार छत घालून त्यावर दिव्यांची चलच्चित्रे सुरू केली. वाहने बंद, खाली माणसांची जत्रा. पेठ जगली, हे कबूल.

पण या रस्त्यावर 1951 पासून ‘व्हेगास व्हिक’ नावाचा निऑनचा गुराखी उभा आहे. छताखाली मावावा म्हणून त्याच्या टोपीची कड छाटली! आजोबांचे पागोटे कापून त्यांना नव्या माडीत घ्यावे, तशातली ही गत. आमच्या गावातल्या वाड्यांचे जीर्णोद्धार मी पाहिले आहेत, म्हणून हे अधिकच झोंबले.

छतापलीकडे, नाक्यावर, हॅसिएंडा हॉटेलचा निऑनचा घोडेस्वार 1996 साली दुरुस्त करून खांबावर चढवला आहे. हॉटेल त्याच वर्षअखेर पाडले. स्वाराच्या डोक्यावर मात्र नुसते आकाश. मी तिथेच बराच वेळ उभा होतो. मागे छताचा खेळ चालू होता.